एकाच भयकादंबरीबद्दल वाचकांची मतं इतकी टोकाची का असतात?

पृथ्वीपासून दूर गेलेलं एखादं यान, समुद्राच्या तळाशी असलेली प्रयोगशाळा किंवा ध्रुवावरचा संशोधन तळ. आत मोजकी माणसं, मोजकी हवा, मोजकं अन्न. बाहेर पडायला वाट नाही आणि आत काहीतरी शिरलं आहे. या मांडणीवरची कोणतीही कादंबरी घ्या आणि ती वाचलेल्या लोकांना विचारून बघा. एकजण सांगेल, रात्री दिवा चालू ठेवून झोपलो. दुसरा सांगेल, शंभर पानं झाली तरी काही घडेना म्हणून ठेवून दिली. तिसऱ्याला त्यातलं विज्ञान आवडलेलं असतं, पण शेवट मुळीच पटलेला नसतो. आणि एखादा नेमक्या त्या शेवटासाठी ती पुन्हा हातात घेतो.

ही मतं ऐकून पुस्तक वाचायचं की नाही हे ठरवू पाहणारा माणूस गोंधळून जातो. मग तो सरासरी काढतो, किंवा ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. मला वाटतं, या मतांमध्ये वरवर दिसतो तेवढा विरोध नसतोच. या प्रकारची कादंबरी वाचकाला एकाच वेळी तीन वचनं देते. जे घडेल ते विज्ञानाच्या चौकटीत घडेल, माणसं जिवंत राहण्यासाठी खरोखरीची धडपड करतील, आणि वाचताना भीती वाटेल. अडचण अशी की ही तीन वचनं एकमेकांच्या आड येतात. प्रत्येक वाचक त्यातलं एखादं मनाशी धरून बसतो आणि त्याच मापानं सगळं पुस्तक मोजतो. समोरच्यानं कुठलं माप लावलंय हे कळलं, की त्याचं मत आपल्या कामाचं आहे की नाही तेही कळतं.

हा प्रकार आला कुठून

मूळ शोधायचं तर १८१८पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकलेल्या जहाजावर होतात, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. मतांची फाटाफूट त्या पहिल्या वर्षापासूनचीच. वॉल्टर स्कॉटनं लेखकाच्या प्रतिभेचं मनापासून कौतुक केलं. हे पुस्तक मेरीचा नवरा, कवी शेली याचं असावं असा त्याचा समज होता. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकानं मात्र त्याच पुस्तकाची भीषण आणि किळसवाणा मूर्खपणा म्हणून वासलात लावली. एकाला कल्पनेची झेप दिसली, दुसऱ्याला नुसती किळस.

आज आपण ज्या साच्याला ओळखतो तो पक्का झाला १९३८ साली. जॉन कॅम्पबेल या लेखकानं टोपणनावानं लिहिलेली ‘हू गोज देअर?’ ही दीर्घकथा त्या वर्षी ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आली. अंटार्क्टिकातल्या तळावरच्या संशोधकांना बर्फात गाडलं गेलेलं परग्रहावरचं यान आणि त्यातला गोठलेला जीव सापडतो. तो वितळतो, जिवंत होतो आणि ज्याला गिळेल त्याचं हुबेहूब रूप घेतो. तळावरचा प्रत्येक माणूस आता संशयित. पळून जायची सोय नाही, आणि पळून जाऊ द्यायचंही नाही, कारण तो जीव बाहेरच्या जगात पोचला तर सगळं संपलं. बंदिस्त जागा, विज्ञान जाणणारी माणसं आणि आपल्यातच असलेला शत्रू अशी ही त्रिसूत्री पुढच्या असंख्य कादंबऱ्यांनी उचलली.

‘सर्व्हायव्हल हॉरर’ हे नाव मात्र पुस्तकांतून आलेलं नाही. १९९६ साली कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘रेसिडेंट इव्हिल’ या व्हिडिओ गेमनं ते रूढ केलं. गेममध्ये गोळ्या कमी, औषधं कमी, आणि लढायचं की पळायचं हा निर्णय सतत खेळणाऱ्याच्या गळ्यात. पुढे हे नाव कादंबऱ्यांनाही चिकटलं आणि त्यासोबत गेम खेळून आलेला वाचकवर्गही आला. त्याला हिशोब हवा असतो. किती काडतुसं उरली, दार किती वेळ टिकेल, प्राणवायू किती तासांचा आहे. हा वाचक जेव्हा म्हणतो की “धोका जाणवलाच नाही”, तेव्हा पुष्कळदा त्याला म्हणायचं असतं की लेखकानं हिशोब ठेवलेला नाही.

आणि ही तक्रार मला रास्त वाटते. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो प्राणवायू लागतो. मंगळावरून पाठवलेला संदेश पृथ्वीवर पोचायला, दोन्ही ग्रह एकमेकांच्या कुठे आहेत त्यानुसार, सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. दक्षिण ध्रुवावरच्या तळाकडे अंटार्क्टिकातल्या हिवाळ्याचे कित्येक महिने सहसा विमान जात नाही. असे आकडे कादंबरीत आले की वाचकाचं मन आपोआप वजाबाकी करू लागतं. सात माणसं, पाच दिवसांची हवा, आणि मदत नऊ दिवसांनी. राक्षस अजून पानावर आलेलाही नसतो, तरी छातीवर दडपण येतं. जगण्याच्या धडपडीतली भीती अशी साध्या अंकगणितातून येते. लेखकानं मध्येच एखादं विसरलेलं सिलिंडर शोधून काढलं, की वाचक चिडतो आणि त्याला तो हक्क आहे.

भयानक, बीभत्स आणि अद्भुत

“नुसता रक्तपात आहे” आणि “काहीच घडत नाही” या दोन तक्रारी एकाच पुस्तकाबद्दल ऐकायला मिळतात. त्या समजून घ्यायला आपल्याकडची जुनी रसचर्चा फार उपयोगी पडते. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस आहेत. भयानकाच्या मुळाशी भय आहे, बीभत्साच्या मुळाशी जुगुप्सा, म्हणजे किळस. अद्भुत हा तिसरा, त्याच्या मुळाशी विस्मय. दाराबाहेर काहीतरी सरपटतंय आणि दिसत नाहीये, हा भयानक. दार उघडल्यावर सहकाऱ्याच्या शरीराचं जे झालेलं दिसतं, तो बीभत्स. आणि ते जे काही आहे ते पृथ्वीवरच्या कुठल्याच सजीवासारखं नाही, त्याच्या पेशी आपल्या पेशींच्या नियमांनी चालत नाहीत, हे उमगल्यावर अंगावर येणारा काटा अद्भुताचा.

विज्ञानाच्या अंगानं जाणाऱ्या भयकादंबरीत हे तिन्ही असतात, पण प्रमाण वेगळं असतं, आणि वाचकाची ओढही वेगळी असते. अद्भुतासाठी आलेल्या वाचकाला बीभत्साची पाच पानं वाया गेल्यासारखी वाटतात. भयानकासाठी आलेल्याला जीवशास्त्राची पाच पानं तशीच वाटतात. इंग्रजीत ॲन रॅडक्लिफ या लेखिकेनं, तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली छापल्या गेलेल्या निबंधात, जवळपास हाच भेद केला होता. एक भीती मनाला जागं आणि विस्तृत करते, दुसरी मनाला आकसवून गोठवते. तिचा कौल पहिलीकडे होता. माझाही बहुतेक वेळा तिकडेच असतो, पण बीभत्साला सरसकट हलकं मानणं मला पटत नाही. शरीर बदलत जाण्याची, आपलं शरीर आपलं न राहण्याची किळस ही या प्रकारातली फार खोल गोष्ट आहे. परजीवी किडे, बुरशी, विषाणू असे विषय घेणाऱ्या कादंबऱ्या त्या किळसेशिवाय उभ्याच राहणार नाहीत.

तेव्हा एखाद्यानं “किळसवाणी आहे” असं लिहिलं, तर ती निंदा समजण्याआधी बघावं की किळस कशाची आहे. आजार पसरतोय आणि तो कसा पसरतोय हे त्या किळसेतून कळतंय का? तसं असेल तर ती कथानकाच्या कामाची आहे. प्रत्येक मृत्यू आधीच्यापेक्षा थोडा जास्त रक्ताळलेला, एवढंच असेल तर वाचकाची तक्रार बरोबर आहे.

मुळात भीती हवीशी का वाटते

खऱ्या आयुष्यात टाळतो ती गोष्ट आपण पुस्तकात हौसेनं का शोधतो? मराठी समीक्षेत न. चिं. केळकरांनी याला ‘सविकल्प समाधी’ असं उत्तर दिलं. वाचक दुसऱ्याच्या अवस्थेशी एकरूप होतो, पण आपलं स्वतःपण विसरून नव्हे. त्यानं दोन्ही भूमिका एकाच वेळी धरलेल्या असतात, आणि त्या दुहेरीपणातच आनंद असतो. भयकादंबरीला हे अगदी तंतोतंत लागू पडतं. अंधाऱ्या बोगद्यात मी कादंबरीतल्या एखाद्या तंत्रज्ञ बाईबरोबर श्वास रोखून उभा असतो, आणि पान उलटायचं की नाही हे माझ्या हातातही असतं.

आता यात एक प्रयोगाची भर घालू. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. भीती वाटावी म्हणून मुद्दाम उभारलेल्या झपाटलेल्या घरात ११० जणांना पाठवलं, त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, आणि कुठल्या क्षणी किती भीती वाटली, किती मजा आली ते विचारलं. भीती वाढत गेली तशी मजा वाढली, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे भीती वाढली की मजा उतरू लागली. आलेख काढला तर उलट्या यू अक्षरासारखा.

झपाटलेलं घर आणि कादंबरी एकच नव्हे, हे मान्य. तरी वाचकांची मतं वाचताना मला हा आलेख सतत आठवतो. कारण त्याचं टोक प्रत्येकाचं वेगळ्या जागी असणार. शेकडो भयकथा पचवलेल्या वाचकाला जिथे नुसती चुळबुळ होते, तिथे नवख्याचं टोक केव्हाच मागे पडलेलं असतं. “भीती वाटलीच नाही” म्हणणारा आणि “मला पुढे वाचवेना” म्हणणारा एकाच टेकडीच्या दोन उतारांवर उभे आहेत. पुस्तक तेच आहे. म्हणून मत देणाऱ्यानं याआधी काय वाचलंय हे कळलं तर सोन्याहून पिवळं. कुणी सहज लिहून जातो की हा प्रकार पहिल्यांदाच वाचला, तर त्या एका वाक्यामुळे त्याच्या पुढच्या सगळ्या बोलण्याला संदर्भ मिळतो.

सांगावं की लपवावं

या प्रकारातलं सगळ्यात अवघड कोडं हे आहे, आणि सर्वांत जास्त भांडणं याच्यावरच होतात. विज्ञानकथेचा वाचक स्पष्टीकरण मागतो. तो जीव कुठून आला, काय खातो, कसा वाढतो? भयकथेला स्पष्टीकरण मारक ठरतं, कारण भीतीचा मोठा वाटा न कळण्यात असतो. ज्याला नाव मिळालं, ज्याची सवय कळली, ते संकट सुटण्याजोगं वाटू लागतं. लेखकानं सगळं सांगितलं तर एक गट म्हणतो, “शेवटी सगळी हवाच गेली.” काही सांगितलं नाही तर दुसरा गट म्हणतो, “उत्तरंच दिली नाहीत, फसवणूक झाली.”

जुन्या लेखकांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले. एच. जी. वेल्सच्या १८९८च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत मंगळावरचे आक्रमक शेवटी पृथ्वीवरच्या जिवाणूंनी मरतात. हे स्पष्टीकरण पुरेपूर वैज्ञानिक आहे आणि त्या काळी ताजंही होतं. क्षयाचा जिवाणू रॉबर्ट कॉख या जर्मन वैज्ञानिकानं १८८२ साली दाखवला होता. काही वाचकांना हा शेवट आयता वाटतो, माणसानं काही केलंच नाही म्हणून. मला तो भेदक वाटतो. माणसाची सगळी शस्त्रं निकामी ठरतात आणि ज्यांच्याकडे कोणी लक्षही देत नाही ते जीव काम करून जातात, यात दिलासा आणि अपमान दोन्ही आहेत.

रिचर्ड मॅथेसनच्या १९५४च्या ‘आय ॲम लेजंड’नं याहून धाडसी वाट धरली. रक्तपिपासू पिशाच्चांची जुनी लोककथा घेऊन तिचा जवळजवळ प्रत्येक तपशील तो जिवाणूच्या आधारे उलगडत जातो. एकटा उरलेला माणूस सूक्ष्मदर्शक मिळवतो आणि शिकत जातो. उलगडा होत जातो तशी भीती संपायला हवी होती. ती जागा बदलते. बाहेरच्या पिशाच्चांपेक्षा त्या माणसाचा एकटेपणा भिववू लागतो.

दुसऱ्या टोकाला स्तानिस्वाव लेमची १९६१ची ‘सोलारिस’. तिथला महासागर सजीव आहे, आणि त्याच्या अभ्यासावर माणसांनी ग्रंथालयं भरतील इतकं लिहून ठेवलं आहे, तरी तो काय आहे हे कुणालाच कळत नाही. ती रूढ अर्थानं भयकादंबरी नाही. पण न कळण्यालाच कादंबरीचा विषय करता येतो, हे तिनं दाखवलं आणि पुढच्या अनेकांना मोकळीक मिळाली.

तरीही मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती कॅम्पबेलच्या कथेतली रक्ताची चाचणी. तळावरची माणसं तर्कानं एक नियम शोधून काढतात. या जीवाचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्राणी आहे, तेव्हा त्याचं रक्तसुद्धा स्वतःचा जीव वाचवायला धडपडेल. प्रत्येकाचं रक्त काढायचं आणि त्याला तापवलेली तार लावायची. आता वाचकाला नियम ठाऊक आहे, पुढे काय होऊ शकतं तेही ठाऊक आहे, आणि माणसं ओळीनं उभी आहेत. स्पष्टीकरण मिळाल्यामुळे इथे भीती दुप्पट होते. (कोण माणूस निघतं आणि कोण नाही, ते मी मुद्दाम सांगत नाही.) लेखकानं जीवाचं वागणं सांगितलं, त्याचा ठावठिकाणा लपवला. विज्ञान आणि भय यांची तडजोड व्हायची तर ती अशी होते.

वाचकांच्या मतांत हा भेद क्वचित सापडतो, पण शोधला तर सापडतो. “खूप स्पष्टीकरण आहे” या तक्रारीमागे बहुधा इतिहासाचं स्पष्टीकरण असतं. तो जीव कोणत्या संस्कृतीनं बनवला, कोणत्या कंपनीनं दडवला, किती हजार वर्षांपूर्वी काय झालं. असं सांगायला कथा थांबवावी लागते. वागण्याचं स्पष्टीकरण मात्र पात्रांना जगण्यासाठी हवंच असतं, ते धडपडीतूनच बाहेर येतं, आणि त्याबद्दल कुरकुर करणारा वाचक फारसा दिसत नाही.

“पात्रं इतकी मूर्ख कशी?”

ही तक्रार तर ठरलेलीच. प्रशिक्षण घेतलेला अंतराळवीर एकटाच अंधारात जातो. डॉक्टर हातमोजे न घालता नमुन्याला हात लावते. वाचक कपाळावर हात मारून घेतो.

इथे थोडी पात्रांची बाजू घ्यावीशी वाटते. रक्तातला प्राणवायू कमी झाला की माणसाची निर्णयशक्ती लवकर ढासळते, आणि दगा असा की ती ढासळल्याचं त्याला स्वतःला कळत नाही. उलट त्याला उत्साही, निर्धास्त वाटू शकतं. वैमानिकांना याची ओळख प्रशिक्षणात मुद्दाम करून देतात. बंद जागेत तर प्राणवायू संपण्याआधीच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचून डोकं दुखू लागतं, विचार मंदावतात. १९७० साली अपोलो १३ या अमेरिकी चंद्रमोहिमेत हेच संकट उभं राहिलं होतं. मुख्य यानात बिघाड झाल्यानं, चंद्रावर उतरण्यासाठीचं, दोन माणसांना सुमारे दोन दिवस पुरेल असं छोटं चांद्रयान तीन माणसांना जवळपास चार दिवस वापरावं लागलं, आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारे मुख्य यानातले चौकोनी डबे चांद्रयानातल्या गोल खाचेत बसेनात. जमिनीवरच्या अभियंत्यांनी यानात असलेल्याच वस्तू, प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, चिकटपट्टी, वापरून जोड तयार केला आणि तो कसा करायचा ते तोंडी सांगितलं. विचार करायला बाहेरची ताजी डोकी होती म्हणून निभावलं. भयकादंबरीत ती बाहेरची डोकीच काढून घेतलेली असतात. न झोपलेली, घाबरलेली, खराब हवेत श्वास घेणारी माणसं चुका करणारच.

पण हे लेखकानं पेरलेलं हवं. हवा बिघडत चालल्याचा उल्लेख आधी आला असेल, कुणाचं डोकं ठणकतंय, कुणी साधी बेरीज चुकतंय, तर पुढची घोडचूक वाचकाला पोटात गोळा आणते. तसं काही नसताना केवळ कुणीतरी मरायला हवं म्हणून पात्र अंधारात जात असेल, तर वाचकानं ओढलेले ताशेरे योग्यच. आपण दिव्याखाली सुरक्षित बसलेलो असतो आणि आपल्या हातात भयकादंबरी आहे हे आपल्याला ठाऊक असतं. बिचाऱ्या पात्राला ते ठाऊक नसतं, एवढी सूट त्याला द्यायला हवी.

पात्रं “कागदी” वाटतात ही याची जुळी तक्रार. बारा माणसांतली आठ निम्म्या पुस्तकात मारायची असतील तर प्रत्येकाला उभं करायला पानं मिळत नाहीत. चांगले लेखक मग प्रत्येकाला त्याच्या कामातून उभं करतात. कोण काय दुरुस्त करतं, कोण कशाला जपतं. ते मेलं की एक कौशल्यही मरतं, आणि उरलेल्यांचं जगणं तेवढं कठीण होतं.

विज्ञानाच्या चुका किती मनावर घ्यायच्या

निर्वात पोकळीत शरीराचा स्फोट होत नाही, आणि माणूस क्षणात गोठतही नाही. उष्णता वाहून न्यायला तिथे हवाच नसते. शरीर मुख्यतः प्रारणानं, म्हणजे किरणांवाटे उष्णता बाहेर टाकून, आणि ओलाव्याच्या बाष्पीभवनानं हळूहळू थंड होतं. शुद्ध मात्र फार लवकर हरपते. १९६६ साली नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या अंतराळ-पोशाखातला दाब चुकून गेला. सुमारे १४ सेकंदांत त्याची शुद्ध गेली, आणि जिभेवरची लाळ उकळायला लागल्याची जाणीव ही त्याची शेवटची आठवण होती. कक्षात लगेच हवा भरली गेली आणि तो वाचला. सत्य हे कल्पनेइतकंच थरारक आहे, तेव्हा लेखकानं चुकीचं लिहिलं की विज्ञान जाणणारा वाचक हळहळतो.

तरी सगळ्या चुका सारख्या नसतात. अँडी वीअरच्या ‘द मार्शन’ या कादंबरीची सुरुवात ज्या वादळानं होते तसं वादळ मंगळावर होऊ शकत नाही. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे वारा कितीही वेगानं वाहिला तरी त्याला तेवढा जोर नसतो. हे ठाऊक असूनही कथेसाठी ते वादळ घेतल्याचं लेखकानं स्वतः सांगितलं आहे. वाचकांनी ते चालवून घेतलं, कारण त्या चुकीमुळे नायक संकटात पडतो, संकटातून सुटत नाही. माझ्या मते खरी कसोटी हीच. संकट उभं करणारी चूक माफ होते, सुटका करणारी होत नाही.

आकडे, पारितोषिकं आणि बदलती मतं

पाचपैकी किती तारे, याला मी फार किंमत देत नाही. एक तर ज्यांना पुस्तक फार आवडलं किंवा फार खटकलं तेच मत नोंदवायला पुढे येतात, मधले गप्प राहतात. शिवाय आधीचं मत पुढच्या मताला ओढतं. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात संकेतस्थळावरच्या काही प्रतिक्रियांना सुरुवातीलाच यदृच्छेनं एक अनुकूल मत दिलं होतं, त्यांचं अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरलं. पारितोषिकाचीही गंमत आहे. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी २०१४ साली पारितोषिक मिळालेली आणि अंतिम यादीत येऊन हुकलेली पुस्तकं यांची तुलना केली, तेव्हा पारितोषिकानंतर विजेत्या पुस्तकांची वाचक-पसंती जास्त घसरलेली दिसली. कारण सरळ आहे. गाजावाजा ऐकून असे वाचक येतात ज्यांना तो प्रकार मुळातच रुचत नाही. भयकादंबरीला हे फारच लागू होतं. ज्याला रक्त सोसत नाही त्यानं केवळ चर्चा ऐकून ती घेतली, तर तो दुखावणार.

मतं काळानुसारही उलटतात. कॅम्पबेलच्या कथेवर बेतलेला जॉन कारपेंटरचा ‘द थिंग’ हा चित्रपट १९८२ साली आला तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपलं आणि प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. त्याच महिन्यात प्रेमळ परग्रहवासीयाचा ‘ई.टी.’ तुफान चालत होता. आज त्याच ‘द थिंग’ची गणना या प्रकारातल्या श्रेष्ठ चित्रपटांत होते.

“सुरुवात संथ आहे” या शेऱ्याबद्दलही कॅम्पबेलचंच उदाहरण बोलकं आहे. त्याच्या कथेचा मोठा खर्डा कागदपत्रांत सापडला आणि २०१९ साली ‘फ्रोझन हेल’ नावानं छापला गेला. त्यात यान कसं सापडलं याची लांबलचक सुरुवात आहे. मासिकासाठी कथा देताना ती गाळून तो थेट तळावर, गोठलेल्या जीवाभोवती जमलेल्या माणसांपासून सुरू करतो. दोन्ही वाचून मला गाळलेलीच बरी वाटते. पण बर्फ, वारा आणि अंतर यांची सवय लावणाऱ्या त्या पानांसाठी जीव टाकणारा वाचकही असतो, आणि त्याचं “संथ” हे कौतुक असतं. म्हणून त्या शेऱ्यापुढे कारण दिलेलं असेल तरच तो माझ्या उपयोगी पडतो.

शेवटाबद्दलची नाराजी तर या प्रकाराच्या पोटातच आहे. जगण्याची धडपड मागते की कुणीतरी जिवंत राहावं, नाहीतर एवढा हिशोब कशाला? भय मागतं की धोका पुरता संपू नये. एखादं पात्र जिवंत सुटतं आणि त्याच्या बरोबर धोक्यातलं काहीतरी सुटतं, हा त्यावर काढलेला तोडगा इतका घासून गुळगुळीत झाला आहे की अनुभवी वाचकाला तो पन्नास पानं आधी दिसतो. असा शेवट ज्याला “धक्कादायक” वाटला त्याचं मत खोटं नसतं, त्यानं तो पहिल्यांदा पाहिलेला असतो.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त शोधतो ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचलेल्याचं मत. कोण मरणार हे ठाऊक असताना वाचलं की धक्क्यांचा आधार निघून जातो. नियम वेळेवर सांगितला होता का, हवेचा हिशोब शेवटपर्यंत जुळतो का, जिच्यावर संशय आला नाही ती बाई तिसऱ्या प्रकरणात काय म्हणाली होती, हे दिसू लागतं. काही कादंबऱ्या या वाचनात कोसळतात आणि काहींची भीती तेव्हाच सुरू होते. एकाच माणसाला विचारायची मुभा असेल तर मी अशा वाचकाला विचारेन, आणि दुसऱ्या वेळी नव्यानं काय दिसलं एवढंच विचारेन.